कोपऱ्यातले तारे

वर्ध्याच्या भाजीबाजारात मी अजूनही टोपल्याच्या बुडात हात घालतो आणि बोलणी खातो. "ओ सर, वरचे टमाटर काय वाईट हाये का? काऊन उकरून राह्यले?" असं कोणी ना कोणी खेकसतंच. वरचे वाईट नसतात. वरचे कधीच वाईट नसतात, म्हणून तर खालचे पाहायचे असतात, हे मी त्या माणसाला सांगत बसत नाही. ही खोड मला विमल भेंडे यांनी लावली. त्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. आता त्या नाहीत. खोड माझ्याकडे राहिली, आणि बायको म्हणते की तिच्यापायी निम्मा बाजार आमच्यावर नाराज आहे.

भेंडे मॅडम पवनारच्या. धाम नदीच्या काठाजवळ त्यांचं वावर. वांगी, टमाटर, पालक, सांभार पिकवायचा आणि वर्ध्याला आणून विकायचा, हा घरचा धंदा. सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्यामुंबईच्या वाचकांनी उगाच इडलीची वाट पाहू नये. आडनाव भेंडे आणि धंदा भाजीचा म्हटल्यावर पोट्टे त्यांना काय म्हणत असतील हे सांगायला नको. त्यांनाही ते ठाऊक होतं. दरवर्षी पहिल्या तासाला त्या फळ्यावर आपलं नाव लिहीत आणि म्हणत, "हे माझं आडनाव. जे तुम्ही वर्षभर पाठीमागून म्हणणार आहात, ते आज एकदा समोर म्हणून घ्या." वर्ग आधी गप्प, मग एकदम सगळा मिळून ओरडायचा. बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि प्रकाशाचं परावर्तन शिकवायला लागायच्या. त्यानंतर त्या नावात काही गंमत उरत नसे.

अंगानं काटक, उंच, साडी सुती आणि पायात पुरुषी चपला. खांद्याच्या कापडी थैलीत एका बाजूला पालकाची जुडी आणि दुसऱ्या बाजूला स्क्रूड्रायव्हर. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ देवीदास, त्याची बायको आणि या, असं घर होतं. भावाला त्या ‘देवा’ म्हणत. पवनारला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा अंगणातून "देवा! अरे देवा!" अशी आर्त हाक ऐकली आणि मला वाटलं, एवढी विज्ञाननिष्ठ बाई घरी मात्र फारच भाविक आहे. मग गोठ्यामागून पाना हातात घेतलेला देवा प्रकट झाला.

त्यांचा खास शब्द होता ‘पालथं’. तो वडिलांकडून आला होता. वडील बाजारात बसत तेव्हा गिऱ्हाईक आलं की टोपलं त्याच्यासमोर सरळ पालथं करत. बुडातला माल वर, वरचा खाली. शेजारी बसणाऱ्यांना ते अजिबात आवडत नसे, कारण मग गिऱ्हाईक त्यांच्याकडेही तसंच मागे. लहानपणी विमलचं काम एकच: पालथं पडलेल्या ढिगातून फुटकं, किडकं बाजूला काढायचं. "वरचं तं सगळेच दाखवते," असं वडील म्हणत, आणि मुलीनं ते वाक्य जन्मभर सगळ्या सृष्टीला लावलं.

त्या उत्तरपत्रिका शेवटच्या पानापासून तपासत. पहिल्या पानावर पोरगं नीट कपडे घालून बसलेलं असतं, शेवटच्या पानावर ते जसं आहे तसं सापडतं, असं त्यांचं म्हणणं. साडी घेताना आधी उलटी करून धागे पाहत. प्राचार्यांनी एखादी नवी योजना मांडली की आम्ही बाकीचे माना डोलवत असू आणि एका कोपऱ्यातून आवाज येई, "सर, पालथी करून पाहिली का?" प्राचार्यांना त्या शब्दाची इतकी धास्ती बसली होती की एकदा त्यांनी समारंभाच्या भाषणात ‘पालकसभा’ऐवजी ‘पालथी सभा’ म्हटलं. तरुणपणी पाहायला आलेल्या स्थळाची गोष्ट तर त्या स्वतःच खुशीत सांगत. मुलाची आई मुलाचे गुण सांगत सुटली होती. बाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "हे वरचं झालं. बुडातलं सांगा नं." स्थळ चहा न पिता जाम गावाच्या दिशेनं निघून गेलं. "चांगलं झालं," त्या म्हणत, "बुडाले काहीच नसंन."

कॉलेजची एक जुनी, लहानशी दुर्बीण होती. ती घेऊन त्या गावोगाव जायच्या. हे कोणी सांगितलेलं काम नव्हतं. देवाच्या भाजीच्या टेम्पोत दुर्बीण, आणि सोबत ओझी उचलायला माझ्यासारखा एखादा मराठीचा मास्तर. एकदा नाचणगावला शाळेच्या पटांगणात आम्ही दिवेलागणीनंतर शनी दाखवत होतो. रांग लांबच लांब होती. जो तो डोळा लावायचा, "वाऽ, मस्त" म्हणायचा आणि पुढं सरकायचा. मग एक म्हातारी आली. तिनं बराच वेळ पाहिलं, डोळा काढला, नळीच्या तोंडाशी जाऊन आत डोकावली आणि जाहीर केलं, "हे तं चिपकवलं हाये."

रांगेत हशा पिकला. सरपंचाला लाज वाटली. तो म्हणाला, "आजी, मॅडम एवढ्या दुरून आल्या आन तू..."

"थांबा!" मॅडम कडाडल्या. "कोणी हसू नका." त्यांनी आजीचा हात धरला, पुन्हा दुर्बिणीशी उभं केलं. "आजी, आता दुर्बिणीले कोणी हात लावणार नाई. तुम्ही नुसतं पाहत राहा. चिपकवलं असंन तं तिथंच राहीन नं?"

आजी पाहत राहिली. पृथ्वी फिरते, त्यामुळे शनी हळूहळू सरकत कडेला गेला आणि दिसेनासा झाला. आजी दचकून मागं झाली. "गेला वं माय! पळाला!" मग तिनं तो पुन्हा धरून द्यायला लावला, पुन्हा पळू दिला, आणि तोवर रांगेतल्या एकाचीही हूं की चूं करायची छाती झाली नाही. परतताना टेम्पोत मॅडम इतक्या आनंदात होत्या की देवाला गाणं लावू देईनात. "एवढ्या गावात एकीनं पालथं करून पाह्यलं," त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला देवयानी दीर्घिका दाखवली होती. मला काही दिसेना. "तिच्याकडे पाहू नका," त्या म्हणाल्या, "तिच्या बाजूले पाहा." मी बाजूला पाहिलं, आणि खरंच, एक धुरकट डाग नजरेच्या कडेला उमटला. सरळ पाहिलं की गायब. डोळ्याचा मधला भाग उजेडात हुशार असतो, अंधुक उजेड मात्र कडेचा भाग पकडतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी ते ऐकलं आणि विसरलो. मराठीच्या मास्तराला त्याचा काय उपयोग.

निवृत्तीच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांची तक्रार सुरू झाली. फळ्यावर काढलेली सरळ रेषा त्यांना मध्येच वाकडी दिसू लागली, आणि त्यांना आधी खडूचा संशय आला. डॉक्टरांनी चौकटी आखलेला एक कागद समोर धरला आणि मधल्या ठिपक्याकडे पाहायला सांगितलं. बाईंनी पाहिलं आणि डॉक्टरांच्या आधी निदान सांगितलं, "कोपरे सरळ आहेत, मधलं वाकडं आहे. म्हणजे भिंग चांगलं आहे, बिघाड पडद्यात आहे." डॉक्टर गोंधळले, पण ते बरोबर होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत होता, एका डोळ्यात जास्त, दुसऱ्यात कमी. औषधानं वेग कमी होईल, थांबणार नाही. हा हिवाळा बरा जाईल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

स्टाफरूममध्ये हे त्यांनी जसं सांगितलं तसं मी लिहितोय. "ही दुर्बीण परत करता येत नाही," स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. कोणी हसलं नाही. मग त्या म्हणाल्या, "म्हणून दुसरी मागवली आहे."

त्यांना फोटो काढायचा होता. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा एक फोटो, आपल्याच वावरातून, आपल्याच हातानं, कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ. डोळा उजेड साठवून ठेवत नाही, कॅमेरा तासन्‌तास साठवतो, त्यामुळे जे डोळ्याला कधीच दिसत नाही ते फोटोत येतं. जन्मभर मुलांना सांगितलेली ही गोष्ट त्यांना एकदा करून पाहायची होती. आणि फोटो बरोबर आला की नाही हे त्यांना स्वतः तपासायचं होतं. त्यासाठी डोळ्याचा मधला भाग शाबूत पाहिजे, आणि तो फक्त या हिवाळ्यापुरता होता.

दुर्बीण आली ती कुरिअरच्या वर्ध्याच्या गोदामात. देवा टेम्पो घेऊन गेला. निघताना बहिणीनं त्याला दम भरला, "देवा, त्यातलं काईच हललं नाई पाहिजे. जरासंही वाजलं नाई पाहिजे." देवा म्हणाला, "बाई, मी टमाटर नेतो. मले सांगते का?"

खोकं उघडलं तेव्हा मी तिथं होतो. पांढरी, जाड नळी. तोंडाकडून उघडी आणि बुडाशी मोठा गोल आरसा. उजेड आत शिरतो, बुडातल्या आरशावर आपटून वर येतो, तिथून एक छोटा आरसा त्याला बाजूला कॅमेऱ्याकडे वळवतो. एवढं ऐकून मी म्हणालो, "म्हणजे सगळी करामत बुडातच." मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्गातल्या ढ मुलानं पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलं असावं.

घराचा स्लॅब सोडून त्यांनी दुर्बीण वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर लावली. स्लॅब दिवसभराचं ऊन संध्याकाळी सोडतो, हवा थरथरते आणि तारे नाचतात. देवाला ताकीद मिळाली की लाईन, म्हणजे वीज आली तरी या बाजूला पाणी सोडायचं नाही, ओलाव्यानं आरशावर दव धरतं. देवाच्या पालकानं तो हिवाळा बहिणीच्या विज्ञानासाठी तहानलेला काढला.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी नुसत्या ताऱ्यांचा फोटो घेतला आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "सर, मधलं पाहू नका. कोपऱ्यात जा. एकेक कोपरा मोठा करा आणि तारे कसे दिसतात ते सांगा."

"मी? मला यातलं काय कळतं?"

"म्हणूनच तुम्ही. काय दिसलं पाहिजे हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून जे दिसते ते सांगाल. माझ्या डोळ्यावर माझा भरोसा नाई, आन माझ्या आशेवर तर नाईच नाई."

मी एकेक कोपरा मोठा केला. तारे गोल नव्हते. चिमटीत धरून ओढल्यासारखे लांबट, टोकदार. मी तसं सांगितलं. त्यांनी मान जराशी वळवून पडद्याकडे तिरकं पाहिलं, मग म्हणाल्या, "पालथं करा."

म्हणजे काय ते मला नंतर कळलं. त्यांनी दुर्बीण तशीच ठेवून फक्त कॅमेरा अर्ध्या वळणानं फिरवला आणि पुन्हा फोटो घेतला. दोष कॅमेऱ्यात असेल तर तो कॅमेऱ्यासोबत फिरेल. दोष नळीत असेल तर ताऱ्यांचं टोक नळीच्या हिशेबानं आहे तिथंच राहील. फोटो आला. टोक नळीला धरून होतं. मग त्यांनी एक ठळक तारा घेतला आणि मुद्दाम फोकस बिघडवला, म्हणजे तारा पसरून मोठी चकती होईल. आरसा चांगला असेल तर ही चकती गोल भाकरीसारखी यायला पाहिजे, मध्ये छोट्या आरशाच्या सावलीचं भोक.

"कशी आहे?"

"मॅडम," मी म्हणालो, "समोसा आहे."

देवाची बायको चहा घेऊन आली होती, ती फस्सकन हसली. मॅडम हसल्या नाहीत. "तीन कोन?" त्यांनी विचारलं. "पक्के तीन?" मी म्हटलं, पक्के तीन. त्या धुऱ्यावर बसल्या आणि बराच वेळ हाताच्या बोटांनी मातीत त्रिकोण काढत राहिल्या.

दुर्बीण विकणारा दुकानदार दूरचा होता आणि बोलायला फार गोड. त्यानं फोटो मागवले, पाहिले, आणि फोनवर म्हणाला, "मॅडम, मधला भाग सुंदर आहे. लोक मधलंच तर बघतात. कोपरे थोडे कापून टाका, कोणाला कळणार नाही."

भेंडे मॅडमना मी चिडलेलं अनेकदा पाहिलं होतं. पण हे वेगळं होतं. "कोपरे कापून टाका?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अहो, जिथं खरं दिसते तेच कापून टाकू?" पुढं जे त्या पवनारच्या बोलीत बोलल्या त्यातलं त्या गृहस्थाला निम्मंच कळलं असेल, आणि ते बरंच झालं. शेवटी ठरलं, की माणूस पाठवून दुर्बीण परत न्यायची. बदली नळी परदेशातून यायची होती, तोवर हिवाळा सरलेला असणार.

मी त्यांना म्हटलं, "ठेवून घ्या, मॅडम. थोडा दोष चालतो. तुमच्याकडे वेळ कुठं आहे?"

"सर, वेळ नाई म्हणूनच. एकच फोटो काढायचा आहे आयुष्यात, तोबी खोटा काढू?"

मला त्यांचा राग आला. काही माणसं आपल्याच सुखाच्या आड येतात, आणि आपण नुसतं पाहायचं.

माणूस सकाळी येणार होता. आदल्या दिवशी दुपारी मी पवनारला गेलो, तर अंगणात खोकं उघडं होतं आणि बाई नळीला एका जुन्या गोधडीत गुंडाळत होत्या. देवा वांग्याची क्रेटं टेम्पोत चढवत होता. तो थांबला, जवळ आला, आणि अगदी मनापासून वाईट वाटून म्हणाला, "बाई, मी एवढं पक्कं केलतं, तरी खराब निघाली?"

मॅडमचे हात थांबले. "काय पक्कं केलतं?"

"ते नाई का, मागचं. आणताना आत खडखड वाजे. तू म्हणली, वाजलं नाई पाहिजे. मंग मी वाटेतच गाडी उभी केली, खोकं खोललं, बुड खोललं. आतला काच सैल होता नं, हलून राह्यला होता. तीन पट्ट्या होत्या त्याले, त्या कसून टाकल्या आन खोकं होतं तसं चिपकवलं. मंग नाई वाजला घरापर्यंत." आणि थोडं अभिमानानं, "जरासाही नाई."

मला अजून काही कळलं नव्हतं. मॅडम देवाकडे पाहत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते ओळखता येईना.

"तीन पट्ट्या," त्या म्हणाल्या. "तीन कोन."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. मोठा आरसा त्याच्या घरात मुद्दाम जरासा सैल ठेवतात. थंडीत काच आकसते, उन्हात फुगते, तिला हलायला जागा पाहिजे. घट्ट धरला की आरसा पिळवटतो, डोळ्याला दिसणारही नाही इतका, पण ताऱ्याला ते कळतं. तीन जागी दाबला म्हणून तारा तीन कोनांचा. भाजीच्या टेम्पोत जे वाजतं ते सडतं. देवा जन्मभर क्रेटं आवळत आलेला. त्याच्या धंद्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट त्यानं बहिणीच्या दुर्बिणीला मोठ्या मायेनं केली होती.

"गलती झाली का बाई?" देवाचा आवाज बारीक झाला.

"तुही गलती नाई. मीच म्हणली, हललं नाई पाहिजे. आन मी सगळं पालथं केलं, बुडच नाई खोललं. कंपनीनं बंद केलेलं म्हणून सोडून देल्लं." त्या उठल्या आणि फोन हातात घेतला. मी विचारलं, कोणाला? तर दुकानदाराला.

"अहो, थांबा," मी म्हणालो. "आधी पट्ट्या सैल करा, संध्याकाळी तारा पाहा. सुधारली तर फोन करा. नाही सुधारली तर उद्या माणूस येतोच आहे, नेईल."

"बुड उघडलेली नळी ते परत घेत नाहीत, सर. तसं त्यांनी सांगितलेलं आहे."

"त्यांना कुठं माहीत आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आधी तारा पाह्यला आन तो वाकडा निघाला, तं मंग फोन करायचं मन नाई होणार. म्हणून आधी फोन."

आणि त्यांनी केला. दुकानदाराला म्हणाल्या, "दोष तुमच्या मालात नव्हता. बुड आमच्या घरी उघडलं गेलं. माणूस पाठवू नका. मी तुम्हाला जे बोलले ते परत घेते, फक्त कोपरे कापायचं जे तुम्ही म्हणाले त्याबद्दलचं नाही घेत." त्यांनी फोन ठेवला. आता आरसा कायमचा बिघडला असला तरी तो त्यांचाच होता, आणि हिवाळा हाच होता.

बुड खोलायला देवाच लागला. मॅडमना बारीक स्क्रू नीट दिसत नव्हते. त्या सांगत होत्या, तो करत होता. पट्टी किती सैल ठेवायची? "मधून कागद सरकला पाहिजे, बस. आरसा हलला पाहिजे, पडला नाई पाहिजे." कागद शोधायला लागले तर माझ्या खिशात वर्धा ते पवनारचं एसटीचं तिकीट निघालं. देवानं ते प्रत्येक पट्टीखालून सरकवून पाहिलं. मग नळी उचलून हलवली. आतून बारीक खट्ट आवाज आला. देवा कळवळला, पण त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

संध्याकाळी धुऱ्यावर दोन्ही आरसे पुन्हा एका रेषेत लावण्यात बराच वेळ गेला. थंडी वाढत होती. आधी चकती. मी सांगितलं, भाकरी आहे, अगदी गोल, मध्ये भोक. बाईंनी "हं" म्हटलं, बस. मग ताऱ्यांचा फोटो. लॅपटॉप माझ्याकडे आला.

"वरचा डावा."

"गोल."

"वरचा उजवा."

"गोल आहेत."

"खालचा डावा. नीट पाहून सांगा, मले बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"गोल, मॅडम."

चौथा कोपरा मी दोनदा मोठा करून पाहिला. बारीक, नीटनेटके, टाचणीच्या डोक्यासारखे तारे होते तिथं. मी सांगितलं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडून घेतला, तोंड अगदी जवळ नेलं, मान तिरकी करून चारही कोपरे स्वतः पाहिले. बराच वेळ. मग "देवा!" अशी हाक मारली, आणि देवा धावत आल्यावर त्याला काही सांगता येईना. तो घाबरून विचारतोय, "काय झालं बाई, पाणी सोडलं नाई मी," आणि या नुसत्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवताहेत. मला तेव्हा रडू आलं आणि मी ते थंडीच्या नावावर खपवलं.

तो मृगाचा फोटो त्यांनी त्याच हिवाळ्यात काढला. अनेक संध्याकाळी थोडाथोडा उजेड गोळा करून. आमच्या स्टाफरूममध्ये तो लावलेला आहे. पाहुणे येतात, मधल्या गुलाबी ढगाकडे पाहून "वा" म्हणतात. मी त्यांना कोपरे पाहायला सांगतो. ते माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहतात.

उन्हाळ्यापर्यंत दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला. वाचणं संपलं. चेहरे संपले. त्या माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे पाहत, म्हणजे कडेनं माझा चेहरा थोडा दिसे. "तुमचे कान चांगले आहेत, सर," एकदा म्हणाल्या, "इतकी वर्षं लक्षच गेलं नव्हतं." रविवारी देवाच्या दुकानावर बाजारात बसत आणि हातानं चाचपून भाजी निवडत. टोपलं अजूनही पालथं होत असे.

दुर्बिणीचं आता काय, हे विचारायचं धाडस कोणाला झालं नाही. आम्ही सगळे धरून चाललो होतो की ती गोधडीत गुंडाळली गेली असेल. कोणी म्हणालं, कॉलेजला देऊन टाकायला सांगा. ते सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी पवनारला गेलो. घरी कुलूप नव्हतं, माणूसही नव्हतं. मी वावराकडे वळलो.

त्या धुऱ्यावर होत्या. नळी मृगाकडे रोखलेली. कॅमेरा काढून ठेवला होता, त्याच्या जागी डोळ्याला लावायचं साधं भिंग. देवानं नक्षत्र धरून दिलं असावं. तो पलीकडे वाफ्यात उभा होता. बाई भिंगाशी वाकलेल्या, पण डोळा भिंगात सरळ नव्हता. मान वळलेली, नजर भलतीकडे, जणू त्यांना नळीच्या आत नाही, शेजारच्या वांग्यांत काहीतरी दिसत होतं. मला वाटलं, नजर गेली तरी सवय जात नाही. कॉलेजचं काय सांगायला आलो होतो ते तोंडात आलंच नाही.

"कोण, सर का?" पावलांवरून त्यांनी ओळखलं. डोळा काढला नाही.

"हो, मॅडम. काही... दिसतंय का?"

"ढग दिसून राह्यला. पुरा. पंख पसरल्यावानी." मग हसल्या, आणि त्या हसण्यात मला नाचणगावहून परतणारा टेम्पो आठवला. "मी तुम्हाला सांगितलं नव्हतं? अंधुक गोष्टीकडे सरळ पाहायचंच नसते. सर, ह्या कामाले मधला भाग लागतच नाई."

त्यांनी मला बोलावलं नाही, आणि मीही पुढं झालो नाही. त्या पाहत होत्या. थोड्या वेळानं नळीतून ढग सरकला असावा, कारण त्यांनी हात चाचपडत दुर्बीण किंचित वळवली आणि तो पुन्हा धरला. लाईन आली, मोटर सुरू झाली, देवानं पाणी दुसरीकडे वळवलं. मी तसाच धुऱ्यावरून मागं फिरलो. पावसाळ्याच्या आधी त्या गेल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एवढंच: मान तिरकी, पाठ माझ्याकडे, आणि आकाश बाजूनं पाहणारी.